बंद करा आणि कोण बोंबलतंय बघा

आमच्या ऑफिसात लिहिलेलं वाचायची पद्धतच न्हाय. राजारामपुरीत दोन क्लासच्या बोर्डांमधनं आमचा जिना वर जातो. वर एक लांबडा हॉल, भिंतीकडेनं टेबलं, आणि कुणाला काय पाहिजे असलं की तो जाग्यावरनंच आरडतो. "शाळेच्या मशीनचा पासवर्ड काय रे?" की लगेच दुसऱ्या कोपऱ्यातनं उत्तर. खालच्या झेरॉक्सवाल्याला आमचे निम्मे पासवर्ड तोंडपाठ असणार. असल्या जागी दीक्षा कांबळे माहितीपुस्तिका लिहायच्या नोकरीवर आली. मी पहिल्याच दिवशी तिला तोंडावर सांगितलं, बाई गं, तुझं हितं वाचणार कोण?

ती नुसती हसली. म्हणाली, "कोणच वाचत न्हाय ताई. मला सवय हाय त्याची."

मी संयोगिता. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम माझं. कुणाचं काय बंद पडलं की पहिल्या शिव्या मला बसतात, आणि मीबी काय तोंडात मूग धरून बसत न्हाय. आमच्याकडं बायकासुद्धा 'करतो-जातो'च म्हणतात, तेव्हा दचकू नका. कंपनी सुरू झाल्यापासनं मी हाय, आणि मालक आदर्श माझ्यापेक्षा लहान हाय, म्हणून तोबी मला ताईच म्हणतो.

धंदा काय, तर मशीन भाड्यानं द्यायचा. हातात धरायचं मशीन न्हवं. एका दांडग्या काँप्युटरच्या पोटात खोल्या पाडल्यागत बारकी बारकी मशीन करायची, आणि एकेक एकेकाला द्यायचं. कुणी त्यात दुकानाचं बिलिंग ठेवतो, कुणी शाळेचे निकाल. ह्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात, आम्ही नुसतं मशीनच म्हणतो. नवीन मशीन करायला एक आज्ञा, बंद करायला एक, आणि उडवायला एक. बंद केलेलं परत चालू होतं. उडवलेलं मात्र गेलं. त्याच्या मागं ठेवलेली नक्कलसुद्धा त्याच आज्ञेत जाते, कारण जागा मोकळी करायची म्हणूनच तर आपण उडवतो. मग देव आला तरी ते परत येत न्हाय.

दीक्षा चंदगडची. वडील भाऊसो एसटीत कंडक्टर होते, सगळा जन्म घाटातल्या गाड्यांवर गेला. ह्या पोरीला लहानपणापासनं छापलेलं दिसलं की वाचायचंच. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, खताच्या पोत्यावरच्या सूचना, गाडीत खिडकीवर लिहिलेलं, काय सोडायची न्हाय. गावात कुणी मिक्सर घेतला की हिला बोलवायचे. ही पुस्तिका काढून पहिल्या पानापासनं सुरू करायची, आणि घरातली म्हणायची, ते वाचन राहू दे गं, बटन कुठलं दाबायचं तेवढं सांग. बी.एस्सी. करून ती कोल्हापुरात आली आणि उद्यमनगरात पाण्याच्या पंपांच्या पुस्तिका लिहायला लागली. तारेनं पंपाला बांधून द्यायचे ती पुस्तिका. एकदा ती स्वतः बघायला गेली, की लोक कसं वापरतात. फिटर आला, त्यानं तार तोडली, पुस्तिका उघडली, आणि त्या पानांनी हाताचं ऑईल पुसलं. हे ती आम्हाला सांगायची आणि स्वतःच पोट धरून हसायची. म्हणायची, कागद चांगला होता, एका पानात हात स्वच्छ.

मला ती आवडायला लागली ती तिथनं. नायतर एवढी गप्प माणसं मला चालत न्हाईत.

मग गेल्या उन्हाळ्यात आदर्शनं एआयचा एजंट आणला. म्हणजे माणूस न्हाय, प्रोग्रॅमच, पण सांगितलेलं काम स्वतः करणारा. मशीन कर म्हटलं की करणार, बंद कर म्हटलं की बंद करणार, आणि मधी काय अडलं तर आपली आपण वाट काढणार. आम्ही त्याला पावणं म्हणायला लागलो. आदर्शनं दीक्षाला सांगितलं, पावण्याला आपली सगळी हत्यारं वापरायला शिकवायचीत, तर त्यासाठी पुस्तिका लिही. कुठली आज्ञा काय करती, कवा वापरायची, कवा न्हाय वापरायची.

दोन दिवसांनी दीक्षा माझ्या टेबलाजवळ आली. डोळे नुसते चमकत होते. हळूच म्हणाली, "ताई, ते वाचतंय. शेवटच्या ओळीपर्यंत वाचतंय, आणि परत विचारतंय की चौथ्या पानावर असं हाय आणि नवव्यावर तसं, तर खरं कुठलं."

आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरीला वाचणारं कुणीतरी मिळालं होतं. मलाच भरून आलं, आईशप्पत.

पण त्यातली गोम दुसऱ्याच आठवड्यात कळली. वाचणारा जर सगळंच वाचत असेल आणि लिहिलंय तसंच करत असेल, तर लिहिणाऱ्याची खैर न्हाय. तिनं एका ठिकाणी लिहिलंतं, मशीन सुरू होईपर्यंत थांबा. एक मशीन बिघडलेलं होतं, ते काय सुरू होईना. पावणं थांबलं. सकाळी थांबलं ते संध्याकाळी आम्ही दिवे घालवायला लागलो तरी थांबलेलंच. माणूस असता तर चहाला तरी उठला असता. आदर्श तिच्यावर खेकसला, आणि तिनं बसून ते पान नीट केलं. किती वेळ थांबायचं, मग काय करायचं, कुणाला सांगायचं.

तिथनं तिनं आमचा पिच्छा पुरवला. जी कामं आम्ही डोळे झाकून करतो, ती ती खोदून खोदून विचारायची. हे आधी का, ते मागनं का. तुम्हाला कसं कळतं की आता पुरे. मला तर वैताग यायचा. कसं कळतं म्हणजे काय, कळतं. पण ती हलायची न्हाय. म्हणायची, "ताई, हितं चूक झाली तर कुणाचं तरी काय तरी कायमचं जाणार. ते माझ्या ओळीनं जाणार. मग मला जेवण जाईल का?"

असंच एक दिवस तिनं विचारलं, "जुनी मशीन पडून असतात, ती कुणाची हायत ते कळत न्हाय, तर ती उडवायची का ठेवायची हे कसं ठरवता?"

मीच सांगितलं, त्यात काय, सोपं हाय. पहिल्यांदा आरडायचं, हे कुणाचं हाय का. कोण बोललं न्हाय तर मशीन बंद करायचं आणि बघायचं कोण बोंबलतंय. तीन दिवसांत कोण बोंबललं न्हाय, तर ते कुणाचंच न्हवतं. उडवायचं.

"आणि कोणतरी असलं, पण बोंबललंच न्हाय तर?"

मी हसलो. म्हटलं, कोल्हापुरात माणूस हाय आणि बोंबलत न्हाय? वीज दहा मिनिटं गेली तर आम्ही बोर्डाच्या सायबाच्या घरी फोन लावतो. गाडीला धक्का लागला तर चौक गोळा होतो. बाकीच्यांनीबी माझीच री ओढली. आदर्श म्हणाला, ताई म्हणतात तेच लिही, आपण असंच करत आलोय, अजून कधी अंगावर आलेलं न्हाय. दीक्षानं लिहिलं. लिहिताना तिचं तोंड काय खुललेलं न्हवतं, पण समोर सगळं ऑफिस एका बाजूला होतं.

जुलैत पावण्यानं साफसफाई काढली. यादीत 'टेस्ट-तीन' नावाचं एक मशीन होतं. नाव चाचणीचं, मालकाचा रकाना मोकळा, आणि वापर एवढा कमी की दिवसाला चार-दोन नोंदी. पावण्यानं गुरुवारी सकाळी आमच्या ग्रुपवर रीतसर विचारलं, हे मशीन कोणाचे आहे, कोणाचे नसल्यास बंद करत आहे. त्या दिवशी नेमका आदर्शचा वाढदिवस. त्या प्रश्नाच्या खाली लगेच केकचे फोटो, 'नाद करायचा न्हाय भावाचा', फटाक्यांची चित्रं, मामा-काकांच्या शुभेच्छा, ह्यातच तो गाडला गेला. कोण बोललं न्हाय. पावण्यानं मशीन बंद केलं. आता तीन दिवस कोण बोंबललं न्हाय, तर रविवारी सकाळी उडणार.

दीक्षाला ह्यातलं काय ठाऊक न्हवतं. गुरुवारचा प्रश्न तिच्याबी नजरेतनं सुटलाता, आणि शुक्रवारी ती चंदगडला गेलती. आषाढ पौर्णिमेपासनं त्यांच्या विहारात ग्रंथवाचन असतंय, घरटी एकानं वाचायचं. ह्या रविवारी कांबळ्यांची पाळी होती, आणि भाऊसोंनी निरोपच धाडलाता, दुसरं कोण न्हाय, दीक्षाच वाचणार.

रविवारी सकाळी ती सोप्यात बसून वाचायचं पान बघत होती. बाहेर चंदगडचा पाऊस, म्हणजे काय बोलायलाच नको. तेवढ्यात आक्काताई आल्या. आक्काताई म्हणजे तिथल्या एका ट्रस्टच्या छोट्या दवाखान्यातल्या आरोग्यसेविका. इरलं घेऊन वाड्या-वाड्या हिंडतात, पोटुशी बायका तपासतात, वजन, रक्तदाब, रक्ताचा गट, काय दुखतंय-खुपतंय ते सगळं लिहून घेतात. आधी कागदावर लिहायच्या. पावसात कागदाचा लगदा व्हायला लागला म्हणून ट्रस्टनं त्यांना टॅबलेट दिला, आणि तेव्हापासनं सगळं त्यातच. कागद बंदच केले. दीक्षाची वहिनी श्रुती सातव्या महिन्यात हाय. तिचा गट निगेटिव्ह, आणि मधी एकदा रक्तदाब चढलाता, म्हणून आक्काताई आठवड्याला येतात.

आक्काताईंनी वहिनीचा दाब मोजला आणि आकडा हातावर पेनानं लिहिला.

दीक्षा म्हणाली, "हातावर का? टॅबलेट कुठाय?"

"हाय की पिशवीत. चार दिवस उघडंना झालंय. रोज सकाळी लावून बघतो. रेंज गेली असंल, येईल की."

दीक्षानं टॅबलेट मागून घेतला. त्याच्यावर डॉक्टरांचा त्याच सकाळचा निरोप आलेला दिसत होता. म्हणजे रेंज होती. मग तिनं ते पान उघडून बघितलं. पान उघडलं न्हाय, पण वरच्या पत्त्यात आमच्या कंपनीचं आणि मशीनचं नाव दिसलं. टेस्ट-तीन.

ती मला नंतर सांगत होती, ताई, नाव वाचलं आणि कळलं. आमचंच मशीन. दोन वर्षांपूर्वी ट्रस्टचे डॉक्टर आदर्शकडं आलते, आणि हा भला माणूस म्हणालाता, वापरून बघा आधी, बाकीचं मागनं बघू. मागनं कोण बघतंय? चाचणीचं म्हणून टेस्ट नाव पडलं ते तसंच राहिलं. बिल न्हाय म्हणून यादीत मालकाचं नाव न्हाय. आणि त्या मशीनमधी सगळ्या वाड्यांच्या बायकांचं, तिच्या वहिनीसकट, पोटातल्या लेकरांचं सगळं लिहिलेलं होतं. चंदगडातनं ह्या पावसात अडलेल्या बाईला घेऊन गडहिंग्लज नायतर बेळगाव गाठायचं असतं. तिथल्या डॉक्टरला हातात काय द्यायचं? नुसतं आक्काताईंच्या हातावरचा आकडा?

आणि बंद झालंय म्हणजे कशानं झालंय हे तिच्याशिवाय कोणाला कळणार होतं? तिनंच लिहिलेली ओळ. चार दिवस उघडत न्हाय म्हणजे मुदत सरली होती. तिच्या फोनच्या कंपनीचा टॉवर तिकडं न्हाय. भाऊसोंचा बटणांचा फोन घेऊन ती विहाराच्या पायरीवर धावली, तिथं आवाज जरा बरा येतो म्हणून.

मी कळंब्यात घरी होतो. रविवार, गॅसवर मटण, कुकरची एक शिट्टी झालेली. फोन उचलला तर नुसती खरखर, आणि मधीच तिचा आवाज. "ताई... टेस्ट-तीन... आक्काताईंचं हाय... बाळंतपणाचं सगळं... उडवू देऊ नका."

मी तिला तसं रडवेलं कधी ऐकलं न्हवतं. मी नवऱ्याला म्हटलं, मटणाकडं बघा, आणि स्कूटर काढली. मशीनची चावी आमच्याकडं फक्त ऑफिसच्या काँप्युटरातनं चालते, घरनं काय करता येत न्हाय. आदर्शला फोन लावला तर तो बेळगावला सासरवाडीत, फोन वाजतोय आणि उचलणार कोण? रस्त्यावर पाणी, रेनकोट घालायचं सुचलंच न्हवतं, पार भिजून चिंब. आणि डोक्यात एकच. कोण बोंबललं न्हाय तर ते कुणाचंच न्हवतं, हे वाक्य माझंच, मोठ्यानं, हसत म्हटलेलं. पाचावर धारण बसली म्हणतात ते मला त्या रस्त्यावर कळलं. मी देवीला म्हटलं, आई अंबाबाई, पावण्याचं घड्याळ बिघडव, वीज घालव, काय बी कर.

जिना चढून कुलूप काढलं, काँप्युटर चालू केला. तो चालू होईपर्यंत माझा जीव जातोय का राहतोय. यादी उघडली. खाली खाली आलो. टेस्ट-एक. टेस्ट-दोन.

टेस्ट-तीन. बंद. पण होतं.

मी ते नाव बोटानं चाचपून बघितलं, भिजलेल्या बोटाचा डाग पडदाभर. होतं की. जाग्यावर होतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी खुर्चीत पडलो, खुर्चीतनं पाणी गळायला लागलं. मग बघितलं, तर त्याच्यापुढं पावण्यानं एक टीप लिहून ठेवलेली.

तेवढ्यात दीक्षाचा परत फोन. मी आधी ओरडलो, "हाय गं. सगळं हाय. ऐक, पावण्यानं काय लिहिलंय वाचतो." आणि मी, आयुष्यात ऑफिसातलं काय न वाचलेली बाई, एकेक शब्द मोठ्यानं वाचला.

'या मशीनबद्दल कोणीही तक्रार केलेली नाही. मुदत संपली आहे. परंतु मशीन बंद केल्यापासून एक टॅबलेट ते उघडण्याचा प्रयत्न रोज सकाळी करत आहे. याला बोंब समजायचे की नाही, हे पुस्तिकेत लिहिलेले नाही. म्हणून मशीन उडवलेले नाही. उत्तर मिळेपर्यंत थांबलो आहे.'

हेच त्यानं ग्रुपवरबी विचारलंतं, सकाळीच. घाईत ग्रुप उघडायचं मला सुचलंच न्हवतं. आता बघितलं, केकच्या फोटोंच्या खाली होतं. माझ्या पर्समधी, माझ्याच फोनमधी, मी त्या पावसातनं येत होतो तेव्हासुद्धा.

पलीकडनं हुंदका ऐकू आला. मी म्हटलं, अगं रडतीस कशाला, वाचलं की सगळं.

ती म्हणाली, "ताई, ते थांबलं."

"तेच तर म्हणतोय. पण का थांबलं?"

नाक ओढत ती म्हणाली, "सगळ्यात शेवटी मी एक ओळ घातलीती, तुम्हाला कुणाला न सांगता. जे इथं लिहिलेलं न्हाय ते आलं, तर अंदाज करायचा न्हाय, थांबायचं आणि विचारायचं. तुम्ही सगळी एवढी हसत होता त्या दिवशी, मला काय बोलता आलं न्हाय. पण आमच्याकडं लाईट आठवडाभर गेली तरी कोण बोंबलत न्हाय ताई. जातीच, मग येती. मला ते ठाऊक होतं, पण ते कसं लिहायचं ते सुचंना."

मी पडद्यावरचा बोटाचा डाग पुसायला लागलो.

"आता त्याला उत्तर द्या," दीक्षा म्हणाली. "लिहा, व्हय. ही बोंबच हाय. दार कुणी हळू वाजवलं म्हणून घरात माणूस न्हाय असं न्हवं."

मी लिहिलं. दुसरं वाक्य पावण्याला कळेल का न्हाय म्हणून घातलं न्हाय, नुसतं 'व्हय, ही बोंबच हाय, चालू कर' एवढंच. पावण्यानं लगेच लिहिलं, समजले, सुरू करत आहे. आणि ते बंद हाय असं दाखवणारं लाल चिन्ह हिरवं झालं.

दीक्षा फोन कानाला धरूनच घराकडं गेली असणार, कारण मला पावसाचा आवाज मोठा झालेला ऐकू आला, मग वहिनीचा आवाज, मग टॅबलेटचं टुंग. आणि एक म्हातारं, समाधानी बोलणं, अगदी शांत.

"आली बघ रेंज. म्हटलं न्हवतं व्हय?"

हितं ऑफिसात मी एकटीच, ओली, आणि इतकी हसलो की डोळ्यांतनं पाणी. पलीकडं दीक्षाबी हसत होती, रडत होती, दोन्ही. आक्काताई विचारत होत्या, हिला काय झालं गं अचानक? वहिनीनं सांगितलं, काय न्हाय, कोल्हापूरवरनं फोन हाय. जणू त्यातच सगळं आलं. मग आक्काताईंनी हातावरचा आकडा टॅबलेटात उतरवला, मागचे आकडे बघितले, आणि म्हणाल्या, दाब उतरलाय, बरं हाय. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. घरी गेलो तर मटण करपलेलं, नवरा टीव्हीसमोर, आणि मला त्याचा रागसुद्धा आला न्हाय.

दुपारी दीक्षानं विहारात वाचलं. भाऊसो म्हणाले म्हणे, आवाज जरा बसलेला होता, पण शेवटपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

सोमवारी ती आली ती थेट लिहायला बसली. आदर्श तिच्यामागं उभा राहून म्हणत होता, पावणं भारी निघालं बघ, आपलं नशीब. ती मान न वळवता म्हणाली, नशिबावर सोडायचं असतं तर मला कशाला ठेवलंय. मला त्या क्षणी ती पोर अशी काय आवडली म्हणून सांगू. तिनं तीन दिवसांची ओळ काढून टाकली. त्या जाग्यावर लिहिलं, माणूस सापडेपर्यंत मशीन उडवायचं न्हाय, आणि माणूस शोधायचं काम संयोगिताताईंचं.

म्हणजे माझंच काम वाढवलं. पण बोलणार कसं? पावण्यानं लगेच मला गप्प गिऱ्हाइकांची नावं धाडली, ज्यांचा फोन आम्हाला कधीच आलेला न्हाय अशी. मी त्यात पहिला फोन आक्काताईंना लावला.

"आक्काताई, मी संयोगिता बोलतो, कोल्हापूरवरनं. तुमच्या टॅबलेटचं काम ज्या मशीनवर चालतं, ते आम्ही सांभाळतो."

हळू आवाजात त्या म्हणाल्या, "आमचं काय चुकलं का हो?"

मी म्हटलं, तुमचं काय चुकलं न्हाय ओ. चार दिवस तुमचं मशीन बंद होतं, ते आम्हीच बंद केलतं. तुम्ही एक फोन का केला न्हाय?

"फुकटात देताय की तुम्ही," आक्काताई म्हणाल्या. "फुकटचं बंद पडलं म्हणून वर तुमच्याशी भांडायचं, हे बरं दिसतंय काय?"

सगळा जन्म मी शिव्या खाणारी बाई. मी त्यांना सांगितलं, आक्काताई, हा माझा नंबर लिहून घ्या. काय बी बंद पडलं की फोन करायचा, आणि मला शिव्या घालायच्या. चांगल्या मोठ्यानं. त्यांनी एकेक आकडा परत म्हणत नंबर लिहून घेतला. मग म्हणाल्या, "शिव्या कशाला घालायच्या बाई? तुम्ही जेवलासा का?"